शून्य दराच्या तीन ओळी: बिलिंग रेट शीटमध्ये आणताना निसटलेला खर्च

पुण्यातल्या एका स्थापत्य सल्लागार कंपनीत फेब्रुवारीत 2026-27 च्या बजेटची गडबड सुरू होती. पाणीपुरवठा योजनांचं डिझाइन, रस्त्यांचे सविस्तर प्रकल्प अहवाल, साइटवरची देखरेख ही त्यांची कामं. माणसं साठच्या आसपास. या धंद्यात कच्चा माल नसतो, मोठी यंत्रंही नसतात. खर्च म्हणजे माणसांचे तास आणि उत्पन्न म्हणजेही माणसांचेच तास. त्यामुळे बजेटची खरी शीट एकच असते: कोण, कोणत्या प्रकल्पावर, कोणत्या महिन्यात किती तास देणार, त्या तासाला आपल्याला किती पडतात आणि त्या तासाचं बिल किती लागतं.

कॉस्ट अकाउंटंट म्हणून ही शीट तपासायला मला बोलावलं होतं. कंपनीचं नाव देत नाही आणि आकडे गोल केले आहेत. हिशेबाची घडण जशी होती तशीच ठेवली आहे.

शीटमधला सगळ्यात मोठा प्रकल्प एका जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा योजनेचा होता. वर्षाचं अपेक्षित बिल 1 कोटी 5 लाख, मनुष्यबळाचा खर्च 82 लाख, शिल्लक 23 लाख. डायरेक्टर साहेब या आकड्यावर खूश होते आणि त्याच्या भरवशावर दोन नव्या इंजिनियरांची भरती ठरत होती. प्रोजेक्ट मॅनेजर मात्र अस्वस्थ होते. “गेल्या वर्षी याच कामात हाताशी काही उरलं नव्हतं. या वर्षी माणसं तीच आहेत, मग 23 लाख आले कुठून?” हा त्यांचा प्रश्न, आणि मी तिथूनच सुरुवात केली.

दर आले कुठून

शीटमध्ये दर चार वाटांनी येत होते. पगाराची फाइल एचआरकडे. करारातले बिलिंग रेट प्रोजेक्ट मॅनेजरांकडे, बहुतेक निविदेच्या आर्थिक प्रस्तावाच्या पीडीएफमध्ये. प्रत्यक्ष बिलं अकाउंट्सकडे टॅलीत. तास टाइमशीटच्या सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येकाने आपापल्या सोयीने एक्सेल काढून दिलं होतं आणि बजेट करणाऱ्या मुलाने कर्मचारी क्रमांक धरून व्हीलुकअपने, म्हणजे यादीतून जुळणारी ओळ शोधून आणणाऱ्या सूत्राने, सगळं एका शीटमध्ये ओढलं होतं. प्रत्येक व्हीलुकअपवर इफएररचं, म्हणजे एरर झाकणाऱ्या सूत्राचं, आवरण, आणि काही सापडलं नाही तर शून्य.

हे शून्यच मला खुपलं. शीट नीटनेटकी दिसते, एरर दिसत नाहीत, बेरीज अडत नाही, म्हणून असं सूत्र सर्रास लिहितात. पण दर न सापडणं आणि दर शून्य असणं यात फरक आहे. त्या सूत्राने तो पुसून टाकला.

दराच्या कॉलमला फिल्टर लावून शून्य निवडलं. जिल्हा परिषदेच्या प्रकल्पावर तीन ओळी निघाल्या. तिघेही ड्राफ्ट्समन, महिन्याला प्रत्येकी 160 तास, बाराही महिने. बिलिंग रेट शून्य, खर्चाचा दरही शून्य.

यातलं पहिलं शून्य बरोबर होतं. करारातल्या पदांच्या यादीत ड्राफ्ट्समन हे पदच नव्हतं. नकाशे काढण्याचं काम इतर पदांच्या दरात धरलेलं होतं, त्यामुळे त्यांचं वेगळं बिल लागणार नव्हतं. दुसरं शून्य साफ चुकीचं होतं. हे तिघे मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून आलेले, त्यामुळे एचआरच्या पगारपत्रकात त्यांचा क्रमांक असणार कसा? ठेकेदाराचं बिल तासाला 300 रुपयांनी येत होतं आणि अकाउंट्स ते “व्यावसायिक सेवा” या खात्यात टाकत होते. तिघांचे वर्षाचे 5,760 तास, म्हणजे 17 लाख 28 हजार रुपये. ही रक्कम प्रकल्पाच्या खर्चात कुठेच नव्हती.

एकाच ओळीत दोन शून्यं, एक खरं आणि एक खोटं, आणि शीटला दोन्ही सारखीच.

त्यावर जीएसटी. जिल्हा परिषद ही स्थानिक प्राधिकरण आहे. पाणीपुरवठा हा संविधानाच्या अनुच्छेद 243 जी खाली पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या विषयांपैकी एक. अशा कामासाठी स्थानिक प्राधिकरणाला दिलेली निव्वळ सेवा, म्हणजे जिच्यात मालाचा पुरवठा नाही अशी सेवा, जीएसटीतून माफ आहे. ऐकायला बरं वाटतं. पण विक्रीची बाजू माफ असली की त्या कामासाठी घेतलेल्या सेवेवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या देण्यातून वळता करून घेणं, मिळत नाही. ठेकेदार आपल्या बिलावर 18 टक्के लावणार आणि ते कंपनीच्या अंगावर पडणार. 300 चा दर इथे 354 होतो आणि 17.28 लाखांचे 20.39 लाख. याच ठेकेदाराचा माणूस खाजगी बिल्डरच्या कामावर बसवला तर क्रेडिट मिळतं आणि खर्च 300 च राहतो. एकाच माणसाचा दर प्रकल्पागणिक वेगळा पडतो तो असा.

दर माणसाचा की पदाचा

ठेकेदाराच्या माणसांवर हे संपत नव्हतं. बजेटच्या शीटमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे एकच बिलिंग रेट होता. मला वाटतं या प्रकारच्या नियोजनातली सगळ्यात खोलवर गेलेली गफलत हीच. सरकारी सल्लागार करारात दर पदाला जोडलेला असतो: टीम लीडर, पाणीपुरवठा तज्ज्ञ, निवासी अभियंता. माणूस सोडून गेला तर तितक्याच किंवा जास्त पात्रतेचा दुसरा द्यावा लागतो आणि सहसा दर तोच राहतो, नव्या माणसाचा पगार कितीही असो. म्हणजे बिलाच्या बाजूला कर्मचारी क्रमांकाचा काही उपयोगच नाही. तिथे प्रकल्प आणि पद या दोन गोष्टी जुळवाव्या लागतात.

या कंपनीत एक ज्येष्ठ डिझाइन इंजिनियर जिल्हा परिषदेच्या कामात महिन्याला 2 लाख 20 हजारांच्या पदावर दाखवलेले होते आणि एका खाजगी औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांसाठी तासाला 950 ने. दरांच्या यादीत त्यांचा क्रमांक दोनदा होता. व्हीलुकअप पहिली जुळणारी ओळ उचलतो आणि थांबतो; दोन्ही प्रकल्पांवर त्याने एकच दर लावून दिला.

मॅन-मंथ म्हणजे एका माणसाचं एका महिन्याचं काम. त्याचं तासांत रूपांतर करताना आणखी एक फाटा फुटला. तेच 2 लाख 20 हजार 22 दिवसांच्या महिन्याने, म्हणजे 176 तासांनी भागले तर तासाला 1,250 येतात. साइटवाले सहा दिवसांचा आठवडा धरून 26 दिवसांनी, म्हणजे 208 तासांनी भागत होते. त्यांचा दर 1,058. एका जुन्या शीटमध्ये कॅलेंडरचे 30 दिवस धरलेले, तिथे 917. मॅन-मंथ म्हणजे किती दिवस हे करारात लिहिलेलं असतं आणि ते प्रकल्पागणिक वेगळं असतं. दराबरोबर हा भाजक शीटमध्ये आला नाही तर दर आला असं म्हणताच येत नाही.

मॅन-मंथची संख्याही करारातच बांधलेली असते, आणि या प्रकल्पात तीच महाग पडली. संरचना अभियंत्याला करारात वर्षाला 6 मॅन-मंथ होते, नियोजनात मात्र 10 महिने टाकलेले. वरच्या चार महिन्यांचं बिल कोणीच देणार नव्हतं. शीटमध्ये बिलाची रक्कम करारातून घेतली असल्यामुळे उत्पन्न फुगलं नव्हतं, पण हे चार महिने कशासाठी हे कोणी विचारलंही नव्हतं.

तासाला खरंच किती पडतात

खर्चाचा दर काढताना एकूण पगाराला 176 ने भागलं होतं. महिना 60 हजार पगाराच्या इंजिनियरचा तास 341 रुपयांना. हा हिशेब सविस्तर मांडतो, कारण 82 लाखांचा आकडा याच भागाकारावर उभा होता.

60 हजारांत बेसिक 30 हजार धरू. मालकाचा पीएफ 12 टक्के म्हणजे 3,600. ही कंपनी पूर्ण बेसिकवर भरते, 15 हजारांच्या मर्यादेवर भरणाऱ्या कंपनीत हे 1,800 होतील. पीएफचा प्रशासन खर्च अर्धा टक्का, 150. ईडीएलआय, म्हणजे पीएफला जोडलेला विमा, अर्धा टक्का पण 15 हजारांच्या मर्यादेवर, 75. ग्रॅच्युइटी वर्षाला 15 दिवसांचं वेतन, महिना 26 दिवसांचा धरून. टक्क्यांत बेसिकच्या 4.81, म्हणजे 1,443. गटविम्याचे 1,200. सगळं मिळून महिना 66,468 आणि वर्षाला 7 लाख 97 हजार 616. व्यवसाय कर यात धरायचा नाही, तो कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जातो. 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या साइटच्या माणसांना ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, मालकाचे 3.25 टक्के लागतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. बेसिक 35-40 टक्क्यांवर ठेवणाऱ्या कंपन्यांना ग्रॅच्युइटीची तरतूद त्यामुळे वाढवावी लागते. इथे बेसिक निम्मंच होतं म्हणून फारसा फरक पडला नाही.

आता तास. 365 दिवसांतून शनिवार-रविवारचे 104 गेले, 261 उरले. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे सणांच्या भरपगारी सुट्ट्या 8, त्यात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर आलेच. कंपनीच्या रजा 24. उरले 229 दिवस, म्हणजे 1,832 तास. 7,97,616 भागिले 1,832, तासाला 435 रुपये. 341 आणि 435.

याच्याही पुढे जाता येतं. 1,832 पैकी कोणत्या ना कोणत्या प्रकल्पावर लागणारे तास तीन चतुर्थांश धरले तर 1,374 उरतात आणि दर 580 होतो. बरेच जण 580 च धरतात. मी तसं करू दिलं नाही. निविदा भरताना 580 लागतोच, पण नियोजनाच्या शीटमध्ये तो घातला की रिकामे तास प्रकल्पांच्या पोटात दडतात आणि कोणता विभाग किती महिने हातावर हात ठेवून बसणार आहे ते दिसत नाही. म्हणून प्रकल्पाला 435 ने खर्च लावायचा आणि न लागलेले तास “प्रकल्पाविना” या नावाच्या वेगळ्या प्रकल्पावर टाकायचे. दर महिन्याला डायरेक्टरांनी सगळ्यात आधी ती ओळ बघावी असं मी सुचवलं.

पगार कोणी पाहायचे

पगाराची फाइल प्रोजेक्ट मॅनेजरांच्या हाती पडेल म्हणून एचआरच्या मॅडमनी ती द्यायला आधी ठाम नकार दिला. “तासाचा दर कळला की गुणाकार करून पगार काढायला कितीसा वेळ लागतो?” असं त्या म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. लोकांना वाटतं शीट लपवली की झालं. लपवलेली शीट टॅबवर उजवं क्लिक करून कोणीही उघडू शकतं. दुसऱ्या फाइलवरून सूत्राने दर ओढला तर त्या फाइलमधली मूल्यं आपल्या फाइलमध्ये साठून राहतात. पिव्होट टेबल, म्हणजे एक्सेलचा सारांश तक्ता, पाठवला तर बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की मागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उलगडतात. मी हे तिथल्याच लॅपटॉपवर करून दाखवलं, गेल्या वर्षीच्या बजेटच्या फाइलवर. खोलीत कोणी बोलेना. ती फाइल वर्षभर ईमेलवर फिरत होती.

मार्ग असा काढला. माणसामाणसाचा खर्च एचआरच्या पासवर्ड लावलेल्या फाइलमध्येच काढायचा. तिथून बाहेर फक्त श्रेणीनिहाय सरासरी यायची: श्रेणी, कधीपासून, तासाचा खर्च. ज्या श्रेणीत चारांपेक्षा कमी माणसं, ती शेजारच्या श्रेणीत मिसळायची, नाहीतर सरासरी म्हणजे एखाद्याचा पगारच होतो. बाहेर गेलेल्या तक्त्यात सूत्र नको, लिंक नको, नुसती मूल्यं. नियोजनासाठी एवढी अचूकता पुरते. प्रत्यक्ष खर्चाचा मेळ अकाउंट्स महिन्याच्या शेवटी खऱ्या पगारावर घालतात.

नवी मांडणी

तीन तक्ते केले. बिलिंगच्या तक्त्यात प्रकल्प, पद, कधीपासून, दर, एकक, भाजक, बांधलेले मॅन-मंथ आणि आधार म्हणून कराराचं कलम किंवा पत्राचा क्रमांक. खर्चाच्या तक्त्यात श्रेणी, कधीपासून, तासाचा खर्च. ठेकेदाराच्या माणसांसाठी वेगळ्या श्रेणी, करपात्र आणि करमाफ प्रकल्पांसाठी वेगवेगळ्या. तिसरा नियोजनाचा, एका ओळीत माणूस, श्रेणी, प्रकल्प, पद, महिना आणि तास.

“कधीपासून” हा कॉलम नवा होता आणि त्यानेच एक चांगली बातमी दिली. जिल्हा परिषदेच्या करारात बारा महिन्यांनंतर 5 टक्के दरवाढीचं कलम होतं, ते 1 ऑक्टोबरपासून लागू होणार होतं. जुन्या शीटमध्ये तारखेला जागाच नसल्यामुळे निविदेचा दर वर्षभर तसाच धरला होता. दुसऱ्या सहामाहीच्या 52.5 लाखांवर 5 टक्के म्हणजे 2 लाख 62 हजार 500 रुपये उत्पन्नात वाढले.

तारखांनी त्रासही दिला. एका लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती, आधी महिना आणि मग दिवस. तिथे 01/04 म्हणून टाइप केलेला 1 एप्रिल 4 जानेवारी झाला आणि पगारवाढ तीन महिने आधीच लागू झाली. तेव्हापासून तारीख लिहिताना महिन्याचं नाव अक्षरांत.

दर ओढण्यासाठी एक्सलुकअप, म्हणजे व्हीलुकअपचा नवा अवतार, सोपा पडला असता, पण अकाउंट्सच्या संगणकांवर एक्सेल 2016 आहे आणि त्यात तो नाही, अटींत बसणारं सर्वात मोठं मूल्य देणारा मॅक्सइफ्सही नाही. म्हणून जुना लुकअप वापरला. 2 हा आकडा शोधायचा, 1 भागिले अटींच्या गुणाकारात. प्रकल्प जुळतो, पद जुळतं आणि दराची तारीख त्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आधीची किंवा तीच आहे, या तिन्ही अटी खऱ्या असतील तिथे 1 येतो, बाकी सगळीकडे शून्याने भागल्याची एरर. 2 कुठेच सापडत नाही, मग लुकअप शेवटच्या 1 वर जाऊन थांबतो. तक्ता तारखेच्या चढत्या क्रमाने लावलेला असला की तो शेवटचा 1 म्हणजेच सध्या लागू असलेला दर. कर्मचारी क्रमांक काही फाइलींत आकडा आणि काहींत अक्षरं म्हणून साठवलेले होते, पुढची शून्यं गळलेली होती. ती साफसफाई पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्याच साधनाने एकदाच करून घेतली.

आणि इफएरर काढून टाकला. दर सापडला नाही तर सेलमध्ये एररच दिसू दे, बेरीज अडू दे. ज्या पदाचं खरोखर बिल नाही त्याला बिलिंगच्या तक्त्यात स्वतःची ओळ, दर 0, आणि आधाराच्या रकान्यात “स्वतंत्र बिल नाही” व कलमाचा क्रमांक. म्हणजे शून्य कोणीतरी विचार करून टाकलेलं असेल, नाहीतर दिसणारच नाही. बजेट करणाऱ्या मुलाने नवी शीट पहिल्यांदा चालवली तेव्हा इतर प्रकल्पांवरही एररच्या ओळी उगवल्या. एक सर्वेक्षण पथक, नोकरी सोडून गेलेला एक इंजिनियर, नव्याने सुरू झालेली दोन पदं. त्याच आठवड्यात त्या सगळ्यांचे दर भरून झाले.

नवा आकडा

कायम माणसांचा 82 लाखांचा खर्च नव्या दराने 1 कोटी 3 लाखांच्या आसपास गेला. ड्राफ्ट्समनचे 20.39 लाख धरून 1 कोटी 23 लाखांच्या वर. दरवाढीसकट उत्पन्न 1 कोटी 7 लाख 62 हजार. 23 लाखांच्या शिलकीच्या जागी पावणेसोळा लाखांचा तोटा उभा राहिला.

डायरेक्टर साहेबांनी आकडा दोनदा वाचला आणि पहिल्यांदा ड्राफ्ट्समनची ओळ उघडायला सांगितली. तिघांपैकी दोघांना जूनपासून ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर थेट घ्यायचं ठरलं. पीएफ, रजा आणि ग्रॅच्युइटी कंपनीवर येते. नव्या संहितेत ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला वर्षभराच्या नोकरीनंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, तीही धरली. तरी ठेकेदाराचा नफा आणि न मिळणारं जीएसटी क्रेडिट वाचून तासाला 60 रुपयांच्या आसपास फरक पडतो. दहा महिन्यांत दोघांचे मिळून 1 लाख 92 हजार. शिवाय त्या दोघांना रजा आणि पीएफ मिळेल, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते. संरचना अभियंत्याचे 10 महिने 7 वर आणले. त्यांचा तास 600 च्या घरात, म्हणून तीन महिन्यांचे 3 लाख 17 हजार सुटले. त्या तीन महिन्यांसाठी त्यांना खाजगी काम मिळालं तरच ही बचत खरी, नाहीतर ती रक्कम “प्रकल्पाविना” च्या ओळीत जाऊन बसेल, हे मी बैठकीच्या टिपणात लिहून दिलं.

साडेदहा लाखांच्या वरचा तोटा उरलाच. करार हातात आहे, काम सोडता येत नाही आणि पदांचे दर बदलता येत नाहीत. भरती एका माणसावर आली. त्याच महिन्यात आणखी एका पाणीपुरवठा योजनेची निविदा भरायची होती. तिच्या आर्थिक प्रस्तावात ड्राफ्ट्समनचे तास कोणकोणत्या पदांच्या दरात किती वाटले आहेत ते या वेळी वेगळ्या तक्त्यात मांडलं, ठेकेदाराचा दर 354 धरून.